घरकुल मंजूर, पण प्लॉट कुठाय?

अकोल्यात पहिल्यांदा आलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच लक्षात येते. इथे अख्ख्या वस्त्यांची नावंच प्लॉटवरून पडली आहेत. रतनलाल प्लॉट, केडिया प्लॉट, राधाकिसन प्लॉट, तोष्णीवाल लेआऊट. अमरावतीत नगरं आणि कॉलन्या जास्त, पण बोलण्यातला विषय तोच. कोणत्याही लग्नात दोन काका भेटले की पहिला प्रश्न 'शेती किती?' आणि दुसरा 'प्लॉट-बिलॉट घेतला का नाही?' वऱ्हाडात माणसाची ऐपत मोजायचं हे माप आहे.

आणि याच वऱ्हाडात दालमिलमध्ये पोती उचलणाऱ्या, कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या, ऑटो चालवणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या कुटुंबाकडे सगळं काही असू शकतं, मोबाइल, गाडी, लेकरांच्या शाळेची फी भरायची जिद्द. नसतो तो प्लॉट. गंमत म्हणजे सरकारच्या घरकुल योजनेचा आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेला भाग सुरू होतो तोच मुळी 'तुमचा प्लॉट दाखवा' इथून.

घर महाग झालं, सिमेंट महाग झालं, रेती मिळत नाही, हे सगळं खरं आहे. पण आपल्या दोन शहरांत कष्टकरी कुटुंबाचं घोडं अडतं ते जमिनीपाशी. स्वच्छ कागदाचा, छोटा, परवडेल असा प्लॉट बाजार बनवत नाही आणि सरकारही बनवत नाही. तो बनवला तर घरकुलाचे पैसे कामाला येतील. नाही बनवला तर योजनेचं नाव कितीही वेळा बदललं तरी भाड्याच्या खोलीतलं कुटुंब भाड्याच्याच खोलीत राहील.

अडीच लाख, तेव्हाही आणि आताही

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग जून २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात चार घटक होते. झोपडपट्टीचा जागेवरच पुनर्विकास, कर्जावर व्याजाची सूट, बिल्डर किंवा संस्थेच्या भागीदारीत परवडणारी घरं, आणि स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्याला अनुदान. 'घरकुल' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतो तो हा शेवटचा घटक. त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख टप्प्याटप्प्याने मिळतात. पाया झाला, फोटो काढा. स्लॅब पडला, पुन्हा फोटो काढा. जिओ टॅगिंग झालं की पुढचा हप्ता. दरम्यान जुनं घर पाडलेलं असतं आणि कुटुंब भाड्याने राहत असतं. हप्ता लांबला की भाडंही लांबतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेचा दुसरा टप्पा आला. एक कोटी शहरी कुटुंबांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आला, ही चांगली गोष्ट झाली. पण स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याची रक्कम आपल्याकडे तीच राहिली, अडीच लाख. २०१५ मध्ये आपण सहावी-सातवीत होतो. तेव्हा गवंड्याची मजुरी काय होती आणि आज काय आहे, हे घरी विचारून बघा.

रक्कम वाढायला हवी, यात वाद नाही. पण समजा ती उद्या वाढून पाच लाख झाली, तरी ज्याच्या नावावर जागाच नाही त्याला त्यातला एक रुपया या मार्गाने मिळणार नाही. अर्जासोबत जागेच्या मालकीचा पुरावा लागतो. पीआर कार्ड, सातबारा, खरेदीखत, काहीतरी. भाडेकरूकडे असते ती फक्त वीजबिलाची झेरॉक्स, तीही घरमालकाच्या नावाची.

पंचवीस हजारांचं गणित

एक साधं गणित करू. समजा अमरावतीत एक जोडपं आहे. तो नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कामाला, ती शहरात एका दुकानात. दोघांचे मिळून महिन्याला २५ हजार येतात. वर्षाचे झाले ३ लाख. केंद्राच्या योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाची वरची मर्यादा बरोबर एवढीच आहे.

घरावर कमाईच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त जाऊ नये, असा सर्वसाधारण हिशेब असतो. म्हणजे हप्ता ८,३०० रुपयांच्या आसपास. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर एवढ्या हप्त्यात साधारण साडेनऊ लाखांचं कर्ज बसतं. त्यात सरकारचे अडीच लाख मिळवा. झाले १२ लाख. या कुटुंबाची एकूण ताकद ही एवढी.

आता खर्च बघू. ३० चौरस मीटर कार्पेटचं घर म्हणजे ३२३ चौरस फूट. भिंती वगैरे धरून बांधकाम ४०० चौरस फुटांचं समजू. दर १,८०० ते २,००० रुपये फूट धरला तर सव्वासात ते आठ लाख लागतील. म्हणजे जमिनीसाठी उरतात चार लाखांच्या आसपास.

चार लाखांत जागा मिळेल का? आपल्याकडे लेआऊट पडतो तो तीस बाय पन्नासच्या हिशेबाने, १,५०० चौरस फुटांचा. चार लाखांत तो बसवायचा तर भाव हवा २७० रुपये फुटाच्या आत. शहराला लागून, रस्ता-नाली-वीज असलेला एनए प्लॉट या भावात कुणाला दिसला तर मला नक्की कळवा, मी बातमी करतो.

पण तोच प्लॉट ५० चौरस मीटरचा, म्हणजे ५३८ चौरस फुटांचा असेल तर? मग त्याच चार लाखांत फुटामागे जवळजवळ ७४० रुपये देता येतात. आता गणित अशक्य राहत नाही. शहराच्या कडेची एक एकर जमीन घ्या. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा सोडून साठ टक्के विक्रीयोग्य राहिली, तर त्यात असे ४८ प्लॉट बसतात. जमीन कोटी रुपये एकराने घेतली असं धरलं तरी प्लॉटमागे कच्च्या जमिनीची किंमत दोन लाखांच्या थोडी वर जाते. रस्ता, नाली, पाण्याची लाइन टाकायला उरलेले पैसे आहेत.

यातले आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या भागातले टाकून बघा. भाव थोडे इकडेतिकडे होतील, पण निष्कर्ष बदलणार नाही. त्या कुटुंबाला १,५०० फुटांचा प्लॉट परवडत नाही आणि ५०० फुटांचा कोणी विकत नाही.

मग लोक गुंठा घेतात

छोटा आणि कायदेशीर प्लॉट बाजारात नसला तरी गरज थांबत नाही. मग कुणीतरी सांगतं, 'भाऊ, अमक्याच्या शेतात गुंठा-अर्धा गुंठा देऊन राहिले, नोटरीवर होते.' गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शंभर-पाचशेच्या कागदावर व्यवहार होतो, आयुष्यभराची पुंजी त्यात जाते, टिनाचं शेड उभं राहतं आणि काही वर्षांनी त्याच्या भिंती पक्क्या होतात. बघता बघता वस्ती होते. लेकरं शाळेत जातात, मतदार यादीत नावं येतात, नेते भूमिपूजनाला येतात. कागदावर मात्र ते अजून शेतच असतं.

अशा वस्त्यांसाठी महाराष्ट्रात २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. आधी तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांपुरता होता. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. यातूनच कळतं की वीस वर्षांत लोक तसेच घरं बांधत राहिले. २०१६ मध्ये अकोला मनपाची हद्दवाढ झाली. मलकापूर, खडकी, उमरी, शिवणीसारखी गावं शहरात आली आणि शहराचं क्षेत्रफळ एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढलं. त्याबरोबर अशा कागद नसलेल्या घरांचा प्रश्नही मनपाच्या दारात आला. कर शहराचा, कागद शेताचा, अशी काही घरांची अवस्था झाली.

कागद नसला की काय होतं? बँक कर्ज देत नाही. घरकुलाचं अनुदान मिळत नाही. घर विकायचं तर पडेल त्या भावाने विकावं लागतं. म्हणजे सर्वांत गरीब माणसाने पैसे तर भरले, पण त्यातून उभी राहिलेली मालमत्ता त्याच्या उपयोगाची नाही. सावकाराकडून घेतलेलं कर्ज मात्र खरं असतं.

आपण वर्तमानपत्रात 'अनधिकृत ले-आऊट' असा मथळा वाचतो आणि पान उलटतो. तिथे राहणाऱ्याला नियम मोडायची हौस नव्हती. त्याच्या खिशाला बसेल असं अधिकृत काही त्याला कोणी दाखवलंच नाही.

दहा लाखांची अट

आता या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एक फार चांगला नियम आहे. चार हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जागेवर निवासी लेआऊट पाडला, तर त्यातला २० टक्के वाटा ३० ते ५० चौरस मीटरच्या विकसित भूखंडांच्या रूपात दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा. इमारत बांधत असाल तर तेवढ्या प्रमाणात छोट्या सदनिका द्यायच्या. आपण वर जो छोटा प्लॉट शोधत होतो, तो नेमका हाच.

मग तो आपल्याकडे का दिसत नाही? कारण हा नियम लोकसंख्या दहा लाख किंवा त्याहून जास्त असलेल्या महापालिकांनाच लागू आहे. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या होती ६ लाख ४७ हजार. अकोल्याची ४ लाख २५ हजार. दोन्ही शहरं नियमाच्या बाहेर. पुण्या-नागपुरात लेआऊट पाडणाऱ्याने गरिबासाठी वाटा ठेवायचा आणि अमरावती-अकोल्यात पाडणाऱ्याने नाही, असा याचा अर्थ होतो.

अट घालणाऱ्याचा विचार असा असावा की घरांची टंचाई मोठ्या शहरांत असते, लहान शहरांत जमीन स्वस्त असते. पण जमीन स्वस्त आहे म्हणून तर हा नियम इथे राबवणं सोपं आहे! मुंबईच्या कडेला वीस टक्के जागा सोडायला लावणं म्हणजे कोट्यवधींची लढाई. कौलखेडच्या किंवा रहाटगावच्या पुढे तेच करणं त्या मानाने कितीतरी सोपं. भाव वाढल्यावर जाग येऊन उपयोग नाही, कारण तोपर्यंत सगळे प्लॉट तीस बाय पन्नासचे पडलेले असतात.

नियम असला म्हणजे सगळं झालं, असंही समजू नका. नाशिकमध्ये हा नियम लागू होता. तरी २० टक्क्यांतली घरं म्हाडाकडे आलीच नाहीत, चार हजार मीटरच्या आत बसावं म्हणून जमिनीचे तुकडे पाडले गेले, असे आरोप झाले. २०२२ मध्ये प्रकरण विधिमंडळात गाजलं आणि महापालिका आयुक्तांच्या बदलीपर्यंत गेलं. म्हणजे नियमासोबत त्यावर नजर ठेवणारे लोकही हवेत. पण ज्या शहरात नियमच नाही, तिथे नजर ठेवायची कशावर?

सोलापूरकरांनी करून दाखवलं

'हे आपल्याकडे शक्य नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी सोलापूरचं उदाहरण आहे. २०११ मध्ये सोलापूरही दहा लाखांच्या खालीच होतं. तिथे विडी वळणाऱ्या बायकांनी कामगार संघटनेच्या, नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली सहकारी संस्था केल्या आणि शहराजवळ कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचं वाटप झालं. त्यानंतर त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प आला, तोही प्रधानमंत्री आवास योजनेतून. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण केलं.

एक पंतप्रधान काँग्रेसचे, एक भाजपचे, आणि मधला माणूस लाल बावट्याचा. राजकारणात हे तिघं एका ओळीत कधी बसत नाहीत. घरासाठी बसले, कारण समोर हजारो कामगार एकत्र उभे होते आणि जमिनीचा प्रश्न त्यांनी आधी सोडवला होता. एकट्याने गुंठा घेण्याऐवजी सगळ्यांनी मिळून जागा घेतली, मग सरकारी अनुदान आणि बँकेचं कर्ज त्यावर बसलं.

अडचणी तिथेही आहेत. शहरापासून लांब हजारो घरं वसवली की पाणी, बस, शाळा, दवाखाना हे सगळं मागून आणावं लागतं, आणि कामावर जायला रोजचा खर्च वाढतो. आपण शिकायचं ते हेही. घर कामाच्या जवळ हवं.

म्हणून मला नांदगाव पेठची काळजी वाटते. तिथे आधीच कापड उद्योग आहेत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कचं भूमिपूजन झालं. हजारो रोजगारांच्या बातम्या आपण वाचल्या, आनंदही झाला. पण ते हजारो लोक रात्री झोपणार कुठे, याची बातमी मी शोधतोय. पार्कच्या नकाशात कामगारांच्या घरांची जागा आजच राखली नाही, तर पाच-सात वर्षांनी आजूबाजूच्या शेतांत पुन्हा गुंठेवारी दिसेल. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणात कामाच्या ठिकाणाजवळ घरं, औद्योगिक कामगार, नोकरदार महिला आणि विद्यार्थी यांच्यासाठी भाड्याची घरं, असा उल्लेख आहे. २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. त्यातली वऱ्हाडाच्या वाट्याची किती आणि नेमकी कुठे, हे विचारायची वेळ आता आहे.

आपण कॉटवाले, ते कुटुंबवाले

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आमचा काय संबंध? संबंध थेट आहे. अमरावतीत विद्यापीठ रोडवर, कठोरा नाक्याकडे किंवा अकोल्यात गोरक्षण रोडला आपण कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चार जण, प्रत्येकाचं वेगळं भाडं. हीच खोली कुटुंबाला दिली तर मालकाला एकच भाडं मिळतं. साहजिकच तो पोरांना पसंती देतो. कोचिंग क्लास आणि कॉलेज जिथे वाढतात तिथून कामकरी कुटुंबं आणखी बाहेर ढकलली जातात. यात आपली चूक नाही, पण एकाच अपुऱ्या खोलीसाठी आपण एकमेकांसमोर उभे आहोत, एवढं लक्षात असू द्या.

शिवाय भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाकडे बहुतेक वेळा नोंदणी केलेला करार नसतो. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, आणि ती जबाबदारी मालकाची, असं स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात 'अकरा महिने रहा, मग बघू' एवढ्यावर भागतं. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून आरटीईतून लेकराच्या प्रवेशाला अडचण, रेशन कार्डाला अडचण. घर नसलं की फक्त छप्पर जात नाही, पुढची दहा कामं अडतात.

आणि दोन-तीन वर्षांनी आपली पाळी आहे. आपल्यातल्या किती जणांना पहिला पगार पंचवीस हजारांच्या वर मिळणार आहे? मास कॉमच्या पोरांना तर तुम्ही हा प्रश्न विचारूच नका.

'फुकट' कुणाला मिळतं?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. 'आमच्या बाबांनी वीस वर्षं हप्ते भरून घर केलं. यांना सरकारने फुकट का द्यायचं?' ज्यांच्या घरी हप्त्यांमुळे सहली रद्द झाल्या, त्यांचा हा राग मला कळतो.

पण हिशेब पूर्ण मांडू. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरच्या व्याजापोटी वर्षाला दोन लाखांपर्यंत उत्पन्नातून वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा त्यात सेससह ६२,४०० रुपये कर वाचतो. चार वर्षांत झाले २ लाख ४९ हजार ६००. म्हणजे घरकुलवाल्याला आयुष्यात एकदा, फोटो काढून-काढून मिळणारे अडीच लाख मोठ्या पगाराच्या माणसाला चार वर्षांत मिळत आले आहेत, तेही कुणी 'फुकट' न म्हणता. ती सवलत बंद करा असं माझं म्हणणं नाही. मदत दोघांनाही मिळते, एकाचीच चर्चा होते, एवढंच.

सरकारी कागदावर 'परवडणारं' कशाला म्हणतात तेही बघा. जीएसटीत एक टक्का दर लागणारं परवडणारं घर म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं. आपल्या गणितातलं कुटुंब बारा लाखांवर थांबलं होतं. मधल्या तेहतीस लाखांच्या दरीत अमरावती-अकोल्यातले बहुतेक कष्टकरी उभे आहेत.

शिवाय प्लॉटचा भाव वाढतो कशाने? मालक काही त्यावर रोज पाणी शिंपडत नाही. मनपा रस्ता नेते, पाण्याची लाइन टाकते, जवळून महामार्ग जातो, कॉलेज येतं. भाव लोकांच्या पैशाने वाढतो, मग त्या वाढलेल्या जमिनीतला छोटा वाटा कष्टकऱ्यांसाठी मागणं अवाजवी नाही. सिंगापूरमध्ये १९६० पासून सरकारी मंडळाने घरं बांधली, आज तिथले सुमारे ऐंशी टक्के रहिवासी त्या घरांत राहतात. त्यांनी पहिलं काम केलं ते जमीन सरकारच्या हातात ठेवण्याचं. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहराने शंभर वर्षांपूर्वी पालिकेची भाड्याची घरं बांधायला सुरुवात केली आणि आजही निम्म्याच्या आसपास लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत आहेत. तिथे कुणी त्यांना फुकटे म्हणत नाही.

मागायचं काय?

मार्च २०२२ मध्ये आपल्या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि आता प्रभागात नगरसेवक आहेत. प्रचारात 'प्रत्येकाला घर' सगळ्यांनीच म्हटलं होतं. आता नेमकं काय मागायचं ते आपण सांगू.

पहिली मागणी, २० टक्क्यांच्या नियमातली दहा लाखांची अट काढा. हा अधिकार राज्य शासनाचा आहे, पण अमरावती आणि अकोला मनपाने सभागृहात ठराव करून तशी मागणी करायला कुणाची आडकाठी नाही. दोन शहरांनी सोबत मागितलं तर आवाज मुंबईपर्यंत जाईल.

दुसरी, सरकारी जमिनीची यादी लोकांसमोर ठेवा. नझूल हा शब्द आपल्याकडच्या जुन्या माणसांना बरोबर माहीत आहे. शहरातली महसूल विभागाची ही जमीन, शिवाय मनपाची, म्हाडाच्या अमरावती मंडळाची. यातली किती मोकळी, किती भाडेपट्ट्यावर, किती अतिक्रमणात? जिथे कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात आणि जागा धोक्याची नाही, तिथे त्यांना पट्टे द्या, म्हणजे अनुदानाची वाट मोकळी होईल. जी मोकळी आहे ती लिलावात काढायच्या आधी तिथे छोटे प्लॉट किंवा भाड्याची घरं बसतात का ते तपासा.

तिसरी, गुंठेवारीची शिबिरं प्रभागात घ्या. मोजणी, नकाशा, शुल्क, सगळं एका टेबलावर. आणि शुल्क हप्त्याने भरू द्या. पंचवीस हजारांत घर चालवणाऱ्याला एकरकमी विकास शुल्क भरा म्हणणं म्हणजे नाही म्हणण्यासारखंच आहे.

चौथी, एमआयडीसीजवळ भाड्याची घरं बांधा आणि तिथून शहरात येणारी बस आधी सुरू करा, घरं भरल्यावर नाही.

यातली एकही मागणी आभाळातून चांदणं आणण्याची नाही. कायदा आहे, योजना आहे, मंडळ आहे. नियमातला एक आकडा बदलायचा आहे आणि काही याद्या बाहेर काढायच्या आहेत. आपल्यातल्या समाजकार्य, विधी, सिव्हिल आणि पत्रकारितेच्या पोरापोरींनी आपापल्या प्रभागाचा एवढा जरी अभ्यास केला, कोणत्या लेआऊटमध्ये किती मापाचे प्लॉट पडले, किती घरकुलं जागेच्या कागदावाचून अडली, तरी नगरसेवकाला 'बघतो' म्हणून सुटता येणार नाही. सबमिशनला तसाही एक प्रोजेक्ट लागतोच.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत झाला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. यंत्रणेने मनावर घेतलं तर या दोन शहरांमध्ये काय होऊ शकतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. त्या रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्यांच्या घराचं काम एवढ्या घाईने होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण ५० चौरस मीटरचा एक स्वच्छ कागदाचा प्लॉट ही काही विक्रमाची गोष्ट नाही. तो रोजच्या कारभारात मिळायला हवा.